फॉर्मला हंगाम असतो

सातारा-सांगलीच्या मैदानांवर एक मत इतके मुरले आहे की आता त्याला कोणी मत म्हणतच नाही. ‘खरा धावपटू बारा महिने तयार पाहिजे.’ पावसाळ्यातली झोनल असो, डिसेंबरातली आंतरविद्यापीठ असो, की जानेवारीतली एखाद्या गावची मॅरेथॉन. नंबर छातीवर लागला की जीव तोडून पळायचे. ‘सर, ही रेस मी जोर न लावता पळतो’ असे म्हणणारा मुलगा आळशी तरी ठरतो, नाहीतर घाबरट. हे मत बाळगणारी माणसे उथळ नव्हेत. त्यांतल्या कित्येकांनी स्वतःच्या पगारातून पोरांना बूट घेऊन दिले आहेत आणि वर्षानुवर्षे पहाटे शिट्टी घेऊन ग्राउंडवर उभे राहिले आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर आधी त्यांची बाजू त्यांच्याइतक्याच जोमाने मांडली पाहिजे. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष असा. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या मुलाला झोनल, आंतरविभागीय, विद्यापीठाचा संघ आणि मग अखिल भारतीय स्पर्धा असे टप्पे पार करावे लागतात. पहिल्याच टप्प्यावर गळाला तर पुढचे शिखर कुणासाठी राखून ठेवायचे? दुसरे, वरच्या स्पर्धांच्या तारखांचा भरवसा नाही. ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धा पहिल्यांदा २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भुवनेश्वरला झाल्या, मग २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये बंगळुरूला, २०२३ च्या मे-जूनमध्ये उत्तर प्रदेशात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ईशान्य भारतात. नेम धरायचा तो कोणत्या महिन्यावर? तिसरे, रेस हाच उत्तम सराव. चौथे, सराव कमी केला की अंग बसते. पाचवे, रोड रेसचे बक्षीस म्हणजे माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या पोराचे दूध, अंडी आणि बूट. आणि शेवटी हुकमाचा पत्ता : ललिता बाबर. माणमधल्या मोही गावच्या या मुलीने मॅरेथॉनही जिंकल्या आणि स्टीपलचेसही गाजवली. मग हंगामाच्या गप्पा कशाला?

हुकमाच्या पत्त्यापासूनच सुरुवात करू. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ललिता बाबर २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिल्या आल्या, हे खरेच. जानेवारी २०१५ मध्ये त्याच रस्त्यावर त्या २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत दुसऱ्या आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण ९:३४.१३ मध्ये घेतले. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीची वेळ होती ९:२७.८६, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर दिल्लीच्या फेडरेशन कपमध्ये ९:२७.०९, आणि १३ ऑगस्ट २०१६ ला रिओत ९:१९.७६.

हे आकडे पुन्हा एकदा क्रमाने वाचावेत. दोन्ही वर्षी सर्वोत्तम वेळ ऑगस्टात आली, आणि आली ती त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या मैदानावर. २०१६ मध्ये एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्यांनी सात सेकंदांहून अधिक कमी केले. बारा महिने फॉर्म सारखाच असतो, तर ते सात सेकंद एप्रिलमध्ये कुठे होते? इतकेच नव्हे, रिओतली प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी यांत दोन दिवसांचे अंतर होते आणि अंतिम फेरीतली वेळ ९:२२.७४, क्रमांक दहावा. डावपेच म्हणा, थकवा म्हणा. कळसावरचे पाऊल दोन दिवसांतही सरकते. जानेवारीची मॅरेथॉन आणि ऑगस्टची स्टीपलचेस यांच्यामध्ये सात महिने आहेत. पूर्वपक्षाचा साक्षीदार आमच्याच बाजूने बोलतो आहे.

परदेशी दाखला हवा असेल तर फिनलंडचा लासे विरेन घ्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटरची दोन्ही सुवर्णे त्याची. त्यांतली १०,००० ची शर्यत तर मध्येच पडून, उठून, जागतिक विक्रमासह. १९७४ च्या रोममधल्या युरोपीय स्पर्धेत तोच विरेन ५,००० मध्ये तिसरा आणि १०,००० मध्ये सातवा. आपल्याकडे असता तर ‘संपला’ असा शेरा मिळाला असता. १९७६ ला माँट्रियलमध्ये त्याने पुन्हा दोन्ही सुवर्णे घेतली. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करता करता प्रशिक्षक झाला. त्याचे धावपटू महिनोन्महिने आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर पळत, मग टेकड्या आणि मगच ट्रॅकवरचा वेग. २ सप्टेंबर १९६० ला रोममध्ये पीटर स्नेलने ८०० आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटर जिंकली. एकाच प्रशिक्षकाचे दोन धावपटू, एकाच दिवशी. याला योगायोग म्हणणाऱ्याने तसे खुशाल म्हणावे.

आणि ही कल्पना परकी आहे असेही कोणी म्हणू नये. गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि कवठेपिरानचे मारुती माने ज्या मुलखाने दिले, तिथल्या वस्तादाला हंगाम शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात तालमीत मेहनत करायची, जत्रा सुरू झाल्या की मैदान मारायचे. भर आषाढात रोज निकाली कुस्ती लावणारा वस्ताद कोणी पाहिला आहे? मग तालमीला लागू असलेले शहाणपण कुंपणापलीकडच्या ट्रॅकवर खोटे कसे ठरते?

आता ‘अंग बसते’ हा मुद्दा. तो अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. सराव पूर्ण बंद केला तर अंग बसतेच. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये दाखवले की कसलेल्या खेळाडूंनी सराव थांबवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे सात टक्क्यांनी उतरली. पण सराव बंद करा असे सांगतो कोण? रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगांत सरावाचा वेळ दोन-तृतीयांशाने कापूनही ही क्षमता पंधरा आठवडे टिकली. तीव्रता कमी केली तेव्हा मात्र ती घसरली. माँट्रियलच्या लॉराँ बोस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा : स्पर्धेआधी सुमारे दोन आठवडे अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करावे, वेग आणि आठवड्यातले सरावाचे दिवस मात्र तसेच ठेवावेत. यातून मिळणारा फायदा साधारण दोन-तीन टक्क्यांचा असतो. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. सोळा मिनिटांत ५,००० मीटर पळणाऱ्या मुलाला ते एकोणीस सेकंद आहेत, म्हणजे शंभर मीटरचे अंतर. आपल्याकडे मात्र नेमके उलटे चालते : स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात भीतीपोटी अंतर वाढवायचे आणि आदले दोन दिवस अंथरुणावर पडून राहायचे.

तारखांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि माझ्या मते तोच पूर्वपक्षाला सर्वांत महाग पडतो. पाया घालायला महिने लागतात. धार लावायला चार ते सहा आठवडे पुरतात. ज्याचा पाया पक्का आहे तो तारीख जाहीर झाल्यावरही धार लावू शकतो. जो वर्षभर धारच लावत बसला, त्याच्याकडे तारीख कळल्यावर लावायला काय उरते? अनिश्चित तारीख हा पाया राखून ठेवण्याच्या बाजूचा पुरावा आहे. बारा महिने इंटरव्हल, म्हणजे वेगाच्या तुकड्यांचा सराव, मारण्याच्या बाजूचा नव्हे.

‘रेस हाच सराव’ या वाक्यासाठी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पुरेशी आहे. २०१२ पासून चाललेली ही २१ किलोमीटरची शर्यत देखणी आहे, यात वादच नाही. जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा, येताना तोच उतरायचा. चढाने दम लागतो, पण खरी किंमत वसूल करतो तो उतार. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकसतो आणि त्याचे तंतू दुखावतात. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या जिन्यावर पाहा : पोरगा कठड्याला धरून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरत असतो. शर्यत होते ती पावसाळा सरता सरता, क्रॉसकंट्रीचा सराव ऐन रंगात आलेला असताना. मंगळवारी पुन्हा इंटरव्हल असतेच! हा सराव नव्हे, सरावावर काढलेले कर्ज आहे. ज्याला ती शर्यतच जिंकायची आहे त्याने जरूर पळावी, पण मग त्या वर्षीचे एक शिखर तिथे खर्च झाले असे वहीत लिहून ठेवावे.

पावसाळा तर या भागाला मिळालेली देणगीच आहे. हवा गार, उन्हाचा त्रास नाही. साताऱ्याच्या पोराला अजिंक्यतारा आणि यवतेश्वर दारात आहेत. सांगलीच्या सपाटीवरच्या पोराला काळ्या मातीचा चिखल टाळून सडकेच्या कडेने लांब पळता येते, आणि चढ हवा असेल तेव्हा मिरजेजवळचा दंडोबा आहे. तिथे सावकाश लांब पळायचे सोडून रोज घड्याळाशी मारामारी करणे, याला काय म्हणावे?

पैशाच्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. गरज खरी आहे. दोन-तीन चांगल्या बक्षिसांच्या शर्यती निवडून त्यांत उतरावे. दर रविवारी नव्हे.

उरला झोनलचा प्रश्न. राष्ट्रीय पातळीवर पोचण्याची खरी ऐपत असलेला मुलगा पूर्ण धार नसतानाही झोनल पार करतो. ज्याला तिथेच सर्वस्व ओतावे लागते त्याचे त्या वर्षीचे शिखर झोनलच असावे, आणि तसे त्याला मोकळेपणाने सांगावे. पण अडचण तिथे नाहीच. सर्वसाधारण विजेतेपद गुणांवर ठरते. म्हणून जिमखान्याला एकाच मुलाकडून दोन-तीन प्रकार हवे असतात, आणि वर क्रॉसकंट्रीही. बारमाही तयारीच्या मताचे मूळ शरीरशास्त्रात शोधू नये, ते गुणतक्त्यात आहे. ही कॉलेजची गरज असेल, मी ती तुच्छ मानत नाही. पण डिसेंबरात तोच मुलगा मागे पडला की ‘याच्यात दम नाही’ हा शेरा कुणाच्या नावावर जातो?

पूर्वपक्षाला आता एकच काम उरते. नवशिक्याची वेळ दर महिन्याला सुधारते, त्याला सोडून द्या. चार वर्षे मुरलेला असा एक धावपटू दाखवा, ज्याने ऑगस्ट, डिसेंबर आणि मे अशा एकाच वर्षाच्या तिन्ही टोकांना आपली सर्वोत्तम वेळ दिली. तो सापडेपर्यंत जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच, दिनदर्शिकेवर दोन तारखांना खूण करावी आणि बाकीच्या शर्यतींत मुलाला हरू द्यावे.