पूलचा पंप बदलायला निघालाय? आधी फिल्टरची टाकी मोजा

वाईतून पसरणी घाट चढून पाचगणीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एकामागोमाग एक पाट्या दिसतात. 'व्हिला विथ पूल'. शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईची गर्दी तिथं उतरते. इकडं सांगली-मिरजेच्या बाजूलाही शेतातल्या घरापुढं छोटासा पूल बांधून घेणारे लोक आता कमी राहिले नाहीत.

पहिली दोन-तीन वर्षं सगळं मस्त चालतं. मग एखाद्या मार्चमध्ये, नेमकं बुकिंग सुरू व्हायच्या टायमाला, पाणी हिरवट दिसायला लागतं. क्लोरीन ओतून झालं, तुरटी टाकून झाली, तरी तळ काही दिसत नाही. मग गावातला मोटारवाला येतो, दीड एचपीच्या पंपाकडं बघतो आणि म्हणतो, "दादा, तीन एचपीचा टाका, विषय संपला."

खरं सांगायचं तर विषय इथूनच सुरू होतो. कारण पंप आणि फिल्टर ही जोडी आहे. त्यातला एकच मोठा केला तर पाणी साफ व्हायच्या ऐवजी आणखी बिघडू शकतं. कसं, ते बघू.

आधी विहिरीचं गणित

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान ती बांधली गेली. नावात बारा असले तरी तिच्यावर १५ मोटा चालतील अशी सोय आहे. तेव्हा विहिरीला कुणी फिल्टर लावत नव्हतं. मग पाणी चांगलं कसं राहायचं? तर ते सतत हलत होतं. वरून मोट पाणी काढायची, खालून झरे नवं पाणी आणायचे. पाठीला डबा बांधून ज्यांनी शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलंय त्यांना हे माहीत असतं. उपसा चालू असलेल्या विहिरीचं पाणी आणि चार वर्षं पडून असलेल्या विहिरीचं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पूलला झरे नाहीत. त्यामुळं तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून, गाळून परत सोडावं लागतं. पूलमधल्या सगळ्या पाण्याइतकं पाणी एकदा फिल्टरमधून जायला जो वेळ लागतो त्याला टर्नओव्हर म्हणतात. घरगुती पूलसाठी तो साधारण सहा ते आठ तास धरतात. पंपाची निवड इथून सुरू होते, एचपीवरून नाही.

समजा तुमचा पूल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल आहे. म्हणजे पाणी झालं ६७,५०० लिटर. सहा तासांत ते एकदा फिरवायचं तर तासाला ११,२५० लिटर, म्हणजे सव्वाअकरा घनमीटर पाणी लागतं. एवढं पाणी साधारण १० ते १२ मीटर हेडला देणारा पंप तुम्हाला हवाय. बहुतेक वेळा हे काम एक ते दीड एचपीत होतं. पंपाच्या माहितीपत्रकात हेड आणि डिस्चार्जचा तक्ता असतो. दुकानात गेल्यावर तो मागून घ्या. जो दुकानदार नुसतं "किती एचपी?" एवढंच विचारतो, त्याच्याकडून घाईनं काही घेऊ नका.

वाळूला पण मर्यादा असते

आता फिल्टर. आपल्याकडच्या बहुतेक पूलला सँड फिल्टर असतो. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला हे प्रकरण नवं नाही. ठिबकच्या हेडवर जी वाळूची टाकी असते तिचाच हा भाऊ. वरून घाण पाणी येतं, वाळूच्या थरातून खाली झिरपतं आणि तळातल्या फटीदार नळ्यांतून स्वच्छ होऊन बाहेर पडतं. या नळ्यांनाही लॅटरल म्हणतात, फक्त बागेतल्या लॅटरलशी त्यांची गल्लत करू नका.

वाळूतून पाणी हळू गेलं तर घाण अडकते. जोरात गेलं तर वाळूत वाटा पडतात आणि घाण त्या वाटेनं सरळ पूलमध्ये परत येते. घरगुती फिल्टरसाठी वेगाची मर्यादा साधारण ताशी ४० ते ५० मीटर धरतात. म्हणजे वाळूच्या दर चौरस मीटरमागे तासाला ४० ते ५० घनमीटर पाणी.

६०० मिलिमीटर व्यासाच्या टाकीचं आतलं क्षेत्रफळ भरतं ०.२८ चौरस मीटर. ४० नं गुणलं की सव्वाअकरा घनमीटर. आपल्या उदाहरणातल्या पूलला ही टाकी बरोबर बसते. आता याच टाकीपुढं मोटारवाल्याचा तीन एचपीचा पंप लावा. तो तासाला २० घनमीटर पाणी ढकलायला लागला की वेग जातो ७० वर. बिल वाढलं, आवाज वाढला आणि पाणी गढूळच राहिलं.

म्हणून पाणी साफ राहत नसेल तर आधी टाकीचा व्यास मोजा. टाकी लहान असेल तर ती मोठी करा आणि पंप तसाच ठेवा. हा अपग्रेड बऱ्याचदा जास्त कामाचा ठरतो.

कधी कधी टाकीही बरोबर असते, पण वाळू म्हातारी झालेली असते. पाच-सात वर्षांत वाळूच्या कणांच्या कडा घासून गुळगुळीत होतात. बोअरचं पाणी जड असेल तर चुन्यानं वाळूचे गोळे बनतात. अशा वेळी नुसती वाळू बदलून भागतं. फक्त नदीची किंवा बांधकामाची वाळू नको. ०.४ ते ०.८ मिलिमीटरची धुतलेली सिलिका वाळूच भरायची. ६०० च्या टाकीला ती दीडशे किलोच्या आसपास लागते.

शेतीचा मोनोब्लॉक चालेल का?

पंप म्हटलं की सांगलीकर आधी किर्लोस्करवाडीचं नाव घेणार आणि ते बरोबरच आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला. १९२६ मध्ये तिथं देशातला पहिला सेंट्रीफ्युगल पंप तयार झाला. आज पूलमध्ये पाणी फिरवणारा पंपही त्याच तत्त्वावर चालतो. आत एक इंपेलर फिरतो आणि पाणी कडेला फेकतो.

पण तत्त्व एक असलं तरी शेतीचा मोनोब्लॉक पूलला लावणं हा जुगाड आहे. एक तर त्याच्या बिडाच्या बॉडीला क्लोरीनचं पाणी खातं आणि गंज पूलमध्ये येतो. दुसरं म्हणजे पूलच्या पंपाला पुढं जाळीची टोपली असते, ज्यात केस, पानं, पोरांच्या बँडेजपट्ट्या अडकतात. मोनोब्लॉकमध्ये हे सगळं थेट इंपेलरवर जातं. त्यामुळं पूलसाठी बनवलेला, प्लास्टिक बॉडीचा, सेल्फ-प्रायमिंग पंपच घ्या.

आणि शेतीच्या विषयावरून एक गोष्ट आठवली. फार्महाऊस शेतात आहे म्हणून कृषीपंपाच्या वीजजोडणीवर पूल चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये मंजूर कारणाऐवजी दुसऱ्याच कारणासाठी वीज वापरणं अनधिकृत ठरतं आणि आकारणी दुप्पट दरानं होते.

बिल कमी करायचं असेल तर

इथं मात्र पंप बदलण्यात खरा फायदा आहे. दीड एचपीचा साधा पंप चालू असताना साधारण दीड किलोवॅट वीज ओढतो. रोज आठ तास म्हणजे १२ युनिट, महिन्याला ३६० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३,६०० रुपये फक्त पाणी फिरवायचे.

व्हेरिएबल स्पीड पंपात मोटारीचा वेग कमी-जास्त करता येतो. वेग निम्मा केला की पाणी निम्मं होतं, पण वीज कागदावर आठव्या हिश्श्यावर येते. कारण वीज वेगाच्या घनानं बदलते. प्रत्यक्षात मोटारीतली घट धरून ती पाचवा-सहावा हिस्सा लागते. म्हणजे आठ तासांऐवजी सोळा तास निम्म्या वेगानं चालवला तर पाणी तेवढंच फिरतं आणि दिवसाला चार-पाच युनिटमध्ये काम होतं. वर पाणी वाळूतून हळू जातं, त्यामुळं गाळलंही चांगलं जातं. अमेरिकेत जुलै २०२१ पासून पूलच्या पंपांना कार्यक्षमतेचे किमान निकष लागू आहेत, त्यामागं हेच गणित आहे.

अडचण एकच. हा पंप महाग असतो आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सला गावाकडचं कमी-जास्त व्होल्टेज सोसत नाही. सर्ज प्रोटेक्शन लावणार नसाल तर साधा पंपच बरा. वर्षातून दोन महिनेच पूल वापरणाऱ्यानं तर या फंदात पडूच नये.

टँकरच्या गावातला पूल

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावला आणि शेजारच्या आटपाडी-जतला तो ५०० च्या आगेमागे. त्यामुळं दोन्हीकडं एकच फिल्टर लावून चालत नाही.

सँड फिल्टर साफ करायचा म्हणजे बॅकवॉश. पाणी उलटं सोडून घाण बाहेर फेकायची. आपल्या उदाहरणात मिनिटाला जवळपास १९० लिटर पाणी जातं. तीन मिनिटं बॅकवॉश आणि अर्धा मिनिट रिन्स म्हणजे एका वेळी साडेसहाशे लिटर. आठवड्याला एकदा धरलं तरी महिन्याला अडीच हजार लिटरच्या वर. जिथं गावाला टँकर येतो तिथं हे पाणी गटारात सोडताना लोक बघत असतात, आणि त्यांनी बघावंच.

अशा ठिकाणी कार्ट्रिज फिल्टरचा विचार करा. त्यात वाळू नसते, घडीदार कापडाची नळी असते. ती बाहेर काढून पाण्याच्या पाइपनं धुवायची, बॅकवॉश लागतच नाही. सँड फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतची घाण अडवतो, कार्ट्रिज १० ते २० पर्यंत. तोटा असा की जड पाण्यात कार्ट्रिजवर चुना बसतो आणि ते लवकर बाद होतं. शिवाय गर्दीच्या व्हिलावर रोज उठून ते धुणार कोण, हा प्रश्न उरतोच.

बॅकवॉशचं पाणी झाडांना घालायचं असेल तर क्लोरीन उडून जायला उघड्या टाकीत काही दिवस ठेवा. द्राक्षाच्या मुळाशी तरीही नको, या पिकाला क्लोराइड सोसत नाही. मिठावर चालणाऱ्या क्लोरीनेटरचा पूल असेल तर कुठल्याच पिकाला नको.

सगळ्यात महत्त्वाचं: तळातली जाळी

मोठा पंप लावू नका म्हणण्यामागं बिलापेक्षा मोठं कारण आहे. पूलच्या तळातल्या जाळीतून पंप पाणी ओढतो. तिथं एकच जाळी असेल, ती तुटलेली किंवा सपाट असेल आणि लहान मूल तिच्यावर बसलं तर ओढीनं ते तिथंच अडकू शकतं. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशीच गेली. पुढं २००७ मध्ये तिच्याच नावानं तिथं कायदा झाला आणि सार्वजनिक पूलना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या.

पंप बदलताना ओढ वाढते, म्हणून हे काम त्याच दिवशी करून घ्या. एकमेकींपासून लांब अशा दोन जाळ्या हव्यात, म्हणजे एक झाकली गेली तरी दुसरी पाणी देते. जाळ्या फुगीर आणि स्क्रूनं पक्क्या बसवलेल्या हव्यात. पंपाचा स्विच पूलवरून दिसेल आणि पटकन हात पोचेल असा ठेवा. सक्शनचा पाइप दोन इंची घ्या. सव्वाअकरा घनमीटरला दीड इंची पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटरवर जातो. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

विजेचंही तेच. पूलच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग नसेल तर पंप बसवूच नका. पाचगणीच्या पावसात जमिनीखालच्या पंपरूममध्ये पाणी साचतं. कृष्णाकाठानं २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलाय. पाण्यात बुडालेली मोटार वाळवून, तपासून घेतल्याशिवाय चालू करायची नाही.

बसवताना

जुनं काढायच्या आधी सगळ्या पाइप-व्हॉल्व्हचे मोबाइलवर फोटो काढा. नवीन पंप युनियन जोडून बसवा, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागत नाही. टाकीत वाळू ओतण्याआधी ती अर्धी पाण्यानं भरा, नाहीतर वाळूच्या वजनानं तळातले लॅटरल मोडतात आणि पुढं सगळी वाळू पूलमध्ये येते. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा पंप चालू असताना कधीच फिरवायचा नाही, आतला गॅस्केट फाटतो. पहिल्यांदा सुरू करताना थेट फिल्टरवर न टाकता बॅकवॉशवर टाका, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग थोडा वेळ रिन्स आणि त्यानंतर फिल्टर.

त्यानंतर टाकीवरच्या प्रेशर गेजवर काटा जिथं थांबेल तिथं काचेवर मार्करनं खूण करा. काटा त्या खुणेच्या अर्धा किलोच्या वर चढला की बॅकवॉश करायचा, तोवर नाही.