जिल्हईच्या आधीं

रत्नांविषयीं आपल्या वाङ्मयांत जितकें लिहिलें गेलें आहे, त्याच्या शतांशानेंहि रत्न घडविणाराविषयीं लिहिलें गेलेलें नाहीं. सहाणेवर झिजलेला मणि शोभून दिसतो एवढें सुभाषितकार सांगतात. पण तो कोणीं झिजविला आणि कशानें झिजविला, हें विचारण्याची त्यांस गरज वाटली नाहीं. आमच्या मतें खड्याचा खरा इतिहास त्याच्या तेजांत नसून, जिल्हई चढण्यापूर्वीं त्यास जो घाट दिला जातो त्यांत आहे.

पैलू पाडण्याची कला तशी अर्वाचीन. युरोपांत ती चौदाव्या-पंधराव्या शतकांपासून वाढीस लागली. तत्पूर्वीं खडा बहुधा घुमटाकारच असे. तळ सपाट आणि माथा गोलसर. फ्रेंच लोक अशा खड्यास कॅबोशॉन म्हणतात, व त्या शब्दाचें मूळ ‘डोकें’ या अर्थाच्या शब्दांत आहे. हा घाट दिसावयास सोपा, पण साधावयास कठीण. प्रथम दगडाचे कोपरे फोडावयाचे, तळ सपाट करावयाचा, त्यावर आकार रेखावयाचा, आणि मग दगड लाखेनें काठीच्या टोंकास चिकटवून फिरत्या सहाणेवर धरावयाचा. कडेशीं एक उतार, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे उतार पाडून शेवटीं त्यांमधील धारा मोडीत नेल्या कीं घुमट तयार होतो. कोठें एक सपाटी राहिली, तर प्रकाश तेथें अडखळतो. जाड पुडीचा एक ओरखडा राहिला, तर तो शेवटपर्यंत डोळ्यांस खुपतो. जिल्हई दोष झांकीत नाहीं, ती तो उघडा करिते.

ही सहाण कशाची करीत? गेल्या कांहीं शतकांतील हिंदी कारागीर कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेंत कालवून तिचें चाक ओतीत असत. अकीक काठिण्यांत सातांच्या सुमारास, तर कुरुंद नऊ. म्हणून तो अकीकास सहज झिजवितो. माणिक व नीलम हीं या कुरुंदाचींच स्वच्छ रूपें होत. आतां सडक अर्जुनीचा परिसर पाहावा. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. पश्चिमेस त्याच भंडारा जिल्ह्यांत पोहरा येथें कुरुंद सांपडतो, आणि येथील रानांतील पळसावर लाख धरते. सहाणेचे दोन्ही घटक एकाच मुलखांत असावे, हा योग मनोरम खरा. पण तेवढ्यावरून अर्जुनीस मणिकारांचें प्राचीन नगर ठरविणें हा इतिहास नव्हे. आपल्या गांवाविषयींच्या अभिमानानें पुराव्याची जागा घेऊं नये.

पुरावा पाहिजे असेल, तर नागपूरजवळील माहुरझरीस जावें. तेथील शिलावर्तुळांचें उत्खनन शां. भा. देव यांनीं १९७० नंतर केलें. पुढें या शतकाच्या आरंभीं डेक्कन कॉलेजच्या रबींद्रकुमार मोहंती यांनीं तेथें पुन्हा उत्खनन केलें. तेथें अकीक, स्फटिक इत्यादि दगडांचे मणी मिळाले, आणि त्यांबरोबर अर्धवट घडलेले तुकडे व छिलकेहि मिळाले. आम्हांस मण्यांपेक्षां हे तुकडे मोलाचे वाटतात. पुरा झालेला मणी व्यापारानें कोठूनहि येऊं शकतो; पैठणचा अकीक भडोचमार्गें समुद्रापार जात असल्याचें ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत सांगितलेंच आहे. पण छिलके कोणी परगांवाहून विकत आणीत नाहीं. ते जेथें पडले, तेथेंच कारागीर बसला होता. म्हणून शेतांतून चकचकीत मणी वेंचून नेणारा आणि फुटका दगड फेंकून देणारा हौशी संग्राहक इतिहासाचें पान फाडून त्याची सोनेरी कडच जपून ठेवीत असतो.

तो कारागीर कसा बसत असे याची कल्पना खंबायतेस येते. तेथें अकीक आधीं भट्टींत तापवितात, त्यानें तो लाल होतो व फोडावयास सोपा जातो. मग जमिनींत रोंवलेल्या लोखंडी टोंकावर दगड टेकून शिंगाच्या हातोडीनें त्याचे छिलके काढतात, आणि नंतर तो झिजवितात. या झिजविण्यांतून उडणारी गारेची बारीक धूळ फुप्फुसांत बसते. सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग तेथील कारागिरांना जडतो, हें वैद्यकीय पाहणींतून सिद्ध झालेलें आहे. तेज खड्यास येतें, आणि धूळ घडविणारास मिळते.

संग्रहालयांत पुऱ्या मण्यांशेजारीं अर्धवट घडलेलेहि मांडले जावे, आणि त्यांखालीं कृतीचा क्रम लिहिला जावा, अशी आमची सूचना आहे. जिल्हई आलेला खडा आपली स्तुति आपणच करितो. ज्यानें त्यास घाट दिला, त्याची साक्ष मात्र त्या ओबडधोबड तुकड्यांवांचून दुसरें कोणी देणार नाहीं.