विधिमंडळाच्या इतिहासाचे उपेक्षित साधन : अमेरिकन काँग्रेसची तात्कालिक मुद्रिते (१७७६–१७८९)

प्रास्ताविक

कोणत्याही विधिमंडळाचा इतिहास लिहिताना अभ्यासक प्रथम कामकाजाच्या अधिकृत नोंदींकडे व संमत झालेल्या कायद्यांकडे वळतात. परंतु सभागृहाच्या दैनंदिन गरजेपोटी छापली जाणारी आणि काम संपताच निरुपयोगी ठरणारी पत्रके, मसुदे व ठरावांच्या प्रती हेही इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. अधिकृत नोंद निर्णय सांगते. तात्कालिक मुद्रित निर्णयापर्यंतची वाट दाखविते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विधिमंडळाच्या आरंभकाळातील तीन मुद्रितांच्या आधारे या विधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे पत्रक

४ जुलै १७७६ रोजी कॉन्टिनेन्टल काँग्रेसने स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. त्याच रात्री फिलाडेल्फियातील मुद्रक जॉन डनलॅप याने तो एका बाजूस छापलेल्या मोठ्या पत्रकाच्या रूपात छापावयास घेतला. प्रांतिक सभा व सेनाधिकारी यांच्याकडे तातडीने पाठविणे आणि लोकांसमोर वाचून दाखविणे एवढाच त्याचा उपयोग होता. सुमारे २०० प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज असून आज त्यांपैकी २६ प्रती ज्ञात आहेत.

या पत्रकावर सदस्यांच्या सह्या नाहीत. अध्यक्ष जॉन हॅनकॉक व सचिव चार्ल्स थॉमसन यांची नावे तेवढी छापलेली आहेत. त्याहून लक्षणीय बाब म्हणजे शीर्षकात ‘एकमताने’ हा शब्द नाही. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी तोपर्यंत तटस्थ होते. त्या प्रांताची संमती ९ जुलैस मिळाली. १९ जुलैच्या ठरावानंतर चर्मपत्रावरील प्रतीत तो शब्द आला आणि २ ऑगस्टपासून सह्या होऊ लागल्या. चर्मपत्रावर मात्र ४ जुलै हीच तारीख राहिली. पुढे याच प्रतीच्या प्रतिकृती घरोघर पोहोचल्या आणि ४ जुलैला सर्वांनी एकमताने सह्या केल्या असा समज रूढ झाला. डनलॅपचे पत्रक हा समज खोडून काढते.

संघराज्याच्या कराराचा गुप्त मसुदा

वरील पत्रक जगासाठी होते. त्यानंतर अवघ्या आठवड्याभराने छापलेला मसुदा जगापासून लपविण्यासाठी होता. १२ जुलै १७७६ रोजी संघराज्याच्या कराराचा मसुदा काँग्रेससमोर आला. त्याच्या केवळ ८० प्रती छापाव्यात, मुद्रकाने सर्व प्रती मूळ हस्तलिखितासह सचिवाच्या स्वाधीन कराव्यात आणि मजकूर उघड न करण्याची शपथ घ्यावी, असा ठराव झाला. सचिवाने प्रत्येक सदस्यास एकच प्रत द्यावयाची होती. प्रांतांमधील मतभेद शत्रूच्या हाती पडू नयेत ही चिंता युद्धकाळात स्वाभाविक होती. म्हणजे मुद्रण आणि प्रसिद्धी या दोन भिन्न गोष्टी होत्या. छपाई हे येथे चर्चेचे साधन होते, प्रचाराचे नव्हे.

हक्कांच्या दुरुस्त्यांचे मसुदे

नव्या संविधानानुसार १७८९ मध्ये पहिली काँग्रेस न्यूयॉर्क येथे भरली. प्रतिनिधीगृहाने ऑगस्टमध्ये संविधानातील १७ दुरुस्त्या संमत केल्या व त्या सिनेटच्या विचारार्थ छापण्यात आल्या. सिनेटचे कामकाज त्या काळी बंद दरवाजांआड चाले. भाषणांचा वृत्तान्त प्रसिद्ध होत नसे. म्हणूनच छापील मसुद्यांवर हाताने केलेले फेरफार हा त्या चर्चेचा एक दुर्मीळ पुरावा ठरतो. कोठे शब्द खोडलेला, कोठे दोन कलमे एकत्र केलेली, असे या कागदांचे स्वरूप आहे.

१७ पैकी चौदावे कलम येथे विशेष उल्लेखनीय आहे. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य, भाषण व मुद्रणस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यात ज्यूरीचा हक्क यांवर घटकराज्यांनीही अतिक्रमण करू नये, असे त्यात म्हटले होते. जेम्स मॅडिसन यांना ते सर्व दुरुस्त्यांत मोलाचे वाटत होते. सिनेटने ते फेटाळले. शेवटी १२ दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या व त्यांपैकी १० दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ पर्यंत मंजूर झाल्या. केवळ या दहा दुरुस्त्या वाचणाऱ्यास घटकराज्यांवरील बंधनाचा विचार त्या वेळी कोणास सुचलाच नव्हता असे वाटेल. तो सुचला होता, एका सभागृहात संमतही झाला होता. प्रतिनिधीगृहाचा छापील मसुदा हाती घेतला की नाकारलेला हा पर्याय स्वीकारलेल्या पर्यायांच्या शेजारी, आपल्या क्रमांकासह उभा दिसतो.

समारोप

भारतीय वाचकास येथे आपल्या संविधानाच्या मसुद्याची आठवण होणे साहजिक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केलेला मसुदा छापून लोकांपुढे ठेवण्यात आला व त्यावर सूचना मागविण्यात आल्या. १७७६ मधील ८० गुप्त प्रती आणि १९४८ मधील खुला मसुदा यांतील अंतर हे लोकशाहीच्या बदललेल्या कल्पनेचेच अंतर आहे.

संमत कायदा वाचताना जे घडले ते अपरिहार्य होते असा भास होतो. बाजूला टाकलेला मसुदा हा भास दूर करतो; निर्णय वेगळाही होऊ शकला असता, याची तो साक्ष देतो. म्हणून नगरपालिका, विधानसभा किंवा महाविद्यालयाचे अधिकार मंडळ असो, अंतिम ठराव जतन करून मसुदे रद्दीत देण्याच्या आपल्या प्रथेचा फेरविचार होणे आवश्यक आहे. रद्दीबरोबर केवळ कागद जात नाहीत, नाकारल्या गेलेल्या मतांचा पुरावाही जातो.