पंखा, आउटबोर्ड नावेचा

आउटबोर्ड म्हणजे नावेच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरून अडकवावयाचे इंजिन. त्याच्या तळाशी, पाण्याखाली फिरणारा दोन, तीन किंवा चार पात्यांचा पंखा पाणी मागे लोटतो आणि त्या प्रतिक्रियेने नाव पुढे जाते. पंखा हा जिन्नस आकाराने लहान व किमतीने इंजिनाच्या मानाने क्षुल्लक असल्यामुळे खरेदीच्या वेळी त्याचा विचार शेवटी होतो, किंवा मुळीच होत नाही. वस्तुतः तेच इंजिन व तीच नाव केवळ पंखा बदलल्याने चपळ किंवा मंद, काटकसरी किंवा उधळी, विश्वासू किंवा दगाबाज ठरू शकते.

पिंपरी-चिंचवड व चाकण हा कारखान्यांचा पट्टा समुद्रापासून दूर घाटमाथ्याच्या पूर्वेस असला, तरी त्याला पाण्याचे सान्निध्य मुबलक आहे. पवना शहराच्या मधून वाहते व दापोडीजवळ मुळेस मिळते. देहू-आळंदीची इंद्रायणी उत्तरेची हद्द राखते. चाकणच्या वरच्या अंगास भामा नदीवर आसखेडचे धरण आहे. पावसाळ्यात पवना व मुळशी या धरणांतून विसर्ग वाढला की सांगवी, दापोडी, पिंपरी येथील सखल वस्त्यांत पाणी शिरते, आणि मग हवा भरलेल्या रबरी नावा व त्यांवरील आउटबोर्ड ही चैनीची वस्तू न राहता माणसे बाहेर काढण्याचे साधन होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी वाहिनी याच टापूत, मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. सबब या प्रदेशापुरता पंख्याच्या निवडीचा प्रश्न प्रामुख्याने भारवाहू, मंदगती व संकटकाळी चालणाऱ्या नावेचा आहे, आणि प्रस्तुत नोंदीत त्यालाच अग्रस्थान दिले आहे.

पंख्याच्या अंगावर कोरलेल्या दोन संख्यांपैकी पहिली व्यासाची व दुसरी पिचची असते. दोन्ही बहुधा इंचांत. पाणी घन असते तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकला असता ते अंतर म्हणजे पिच. इंजिनाचे मिनिटाला 5500 फेरे, दंतचक्रांचे प्रमाण दोनास एक व पिच 12 इंच असे धरले, तर पंखा मिनिटाला 2750 वेळा फिरतो आणि हिशेबी वेग ताशी सुमारे 50 किलोमीटर येतो. प्रत्यक्षात पाणी निसटते. या तुटीस स्लिप म्हणतात. ती 20 टक्के धरल्यास नाव ताशी 40 किलोमीटरच्या आसपास धावते, आणि ओझे जड किंवा तळ बोजड असेल तर तूट याहूनही वाढते. ज्या पट्ट्यातील घराघरांत मोटारींचे गिअर घडविणारे हात आहेत, तेथे एवढे सांगितले तरी पुरे की, कमी पिच म्हणजे चढावरचा खालचा गिअर व जास्त पिच म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचा वरचा गिअर.

योग्य पिच कोष्टकावरून नव्हे, पाण्यावरच ठरते. नावेत नेहमीचे ओझे, म्हणजे तितकीच माणसे, इंधनाची टाकी, दोर व तरंगजाकिटे घालून, इंजिन पूर्ण खुले करून फेरे मोजावेत. निर्मात्याने पूर्ण थ्रॉटलवरची फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ 5000 ते 6000. फेरे त्या मर्यादेच्या मध्याच्या किंचित वर येणे इष्ट. पिच एक इंच कमी केला की फेरे साधारणतः 150 ते 200 ने वाढतात. तेव्हा भरल्या नावेत 4800 फेरेच मिळत असतील तर दोन इंच कमी पिचचा पंखा त्यांना 5100 ते 5200 वर नेतो. जे इंजिन मर्यादेपर्यंत चढतच नाही ते दमत असते: त्यात काजळी साचते, तापमान वाढते व पिस्टन अकाली झिजतो. उलट फेरे मर्यादा ओलांडत असतील तर पिच वाढवावा. एकटा चालक बसवून घेतलेली चाचणी सर्वांत फसवी, कारण ती नेमकी त्या प्रसंगाविषयी मौन पाळते ज्यासाठी नाव ठेवलेली असते.

या पट्ट्यात आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यावी लागते व ती बहुतेक विसरली जाते. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटर उंच आहे, आणि साध्या श्वसनाचे इंजिन विरळ हवेमुळे दर 300 मीटरला सुमारे तीन टक्के शक्ती गमावते. मुंबईच्या खाडीवर चोख चाललेली नाव पवनेच्या जलाशयावर आणली म्हणजे तिची सहा टक्क्यांच्या आसपास शक्ती कमी झालेली असते. तोच पंखा येथे भारी पडतो व एक इंच कमी पिचचा घ्यावा लागण्याची शक्यता दाट असते. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात वल्हेकऱ्यांना शिक्षण दिले जाते. अशा शिक्षणात सोबत चालणारी प्रशिक्षकाची हलकी नाव मात्र ओझे वाहत नाही. तिला किंचित जास्त पिच शोभतो.

पात्यांची संख्या, व्यास व धातू यांचा विचार पिचच्या मागाहून येतो. तीन पाती हा सर्वसाधारण नमुना. चार पाती मंद वेगात पाण्याची पकड उत्तम ठेवतात व कंप कमी करतात, पण फेरे थोडे उतरवतात, म्हणून त्यांच्यासोबत पिच एखादा इंच कमी घेतात. व्यास वाढला की रेटा वाढतो, तथापि त्यास इंजिनाच्या सांगाड्याची मर्यादा असते. ॲल्युमिनियम स्वस्त, दुरुस्तीस सोपे व दगडावर आपटले तर स्वतः वाकणारे. स्टेनलेस पोलाद पातळ, ताठ व टिकाऊ, पण आघात पुढे दंतचक्रांकडे पोहोचविणारे. पंख्याच्या मध्यभागातील रबरी बुंधा, किंवा लहान इंजिनात मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन, आघात झेलून यंत्र वाचवते. कुंडमळ्यासारख्या ठिकाणी इंद्रायणीचा तळ खडकाळ, रांजणखळग्यांनी भरलेला आहे. तेथे ॲल्युमिनियमचाच आग्रह धरावा.

पवना, मुळा व इंद्रायणीवर दरसाल दाट पसरणारी जलपर्णी हा पंख्याचा मोठा शत्रू. तिचे तंतू बुंध्याभोवती गुंडाळले की पात्यांना पाण्याऐवजी हवा मिळते, फेरे एकदम चढतात व नाव जागीच थांबते. मागे झुकलेल्या कडांची पाती अशा पाण्यास सोयीची. अडकलेले तंतू पंखा क्षणभर उलटा फिरवून सोडवावेत, न सुटल्यास इंजिन बंद करूनच हात घालावा. हवा ओढली जाण्याचे दुसरे कारण इंजिन उंच बसणे. पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या तळाशी समपातळीत किंवा इंचभर खाली असावी. फळी 15 इंचांची की 20, हे इंजिन घेण्यापूर्वीच मोजून घ्यावे.

पाण्यात माणूस असताना फिरते पाते शस्त्राइतके घातक असते. पंख्याभोवतीचे जाळीदार कडे वेग घटवते, परंतु बचावाच्या नावेने हा तोटा आनंदाने सोसावा. आणि कडे असो वा नसो, बुडणारा हाताच्या अंतरावर येताच इंजिन बंद झाले पाहिजे.

वाकलेला पंखा भोसरीच्या कोणत्याही कुशल कारागिराकडून सरळ होईल, मात्र प्रत्येक पात्याचा पिच समान आला आहे की नाही व तो धारेवर ठेवला असता कोणत्याही एका बाजूस झुकत नाही ना, हे मोजूनच परत घ्यावा. नावेवर दुसरा पंखा, पिना, कॉटर पिन व पाना यांची तजवीज कायम असावी, आणि दुसरा पंखा पहिल्याचीच नक्कल न घेता दोन इंच कमी पिचचा घ्यावा, म्हणजे माणसांनी भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध आणावयाची वेळ आली तर तो काठावरच चढवता येतो. प्रत्येक पंख्याचे फेरे व त्या वेळचे ओझे नोंदवहीत लिहून ती इंजिनासोबत ठेवावी.