लैंगिक अल्पसंख्याकांची हक्कचळवळ : कोल्हापूर–सांगली–निपाणी परिसर

समलिंगी, उभयलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या नागरी हक्कांसाठी दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या सीमाभागात झालेले प्रयत्न. मुंबई-पुण्यात ही चळवळ मासिके, मदतगट आणि अभिमान पदयात्रा यांच्या आधाराने वाढली. कोल्हापूरच्या बाजूला ती सौंदत्तीच्या यल्लम्माची परंपरा, देवदासी-मुक्तीचे आंदोलन आणि एड्स-प्रतिबंधाचे काम अशा तीन निराळ्या वाटांनी आली. इथल्या मागण्यांचा क्रमही त्यामुळे वेगळा आहे : आधी पोलिसांचा त्रास थांबावा, रेशनकार्ड मिळावे, दवाखान्यात सरळ वागणूक मिळावी, लग्नाचा हक्क त्यानंतर. या चळवळीचा इतिहास शहरी पदयात्रांपासून मोजला, तर या भागाच्या वाट्याला शेपूट तेवढे येते. प्रत्यक्षात संघटना बांधण्याच्या कामात हा भाग बऱ्याच शहरांच्या पुढे होता.

जोगते : बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजेच रेणुका, ही कोल्हापूर-सांगलीकडच्या असंख्य घरांची देवी. तिला सोडलेल्या मुली जोगतिणी होतात, तर मुलगे जोगते. जमदग्नीच्या आज्ञेवरून आईचा वध करायला नकार देणाऱ्या मुलांना बापाने नपुंसकत्वाचा शाप दिला, अशी कथा या परंपरेत सांगतात. जोगत्यांच्या स्त्रीवेशाला त्या कथेचा आधार मिळतो. केसांत जट आली, अंगात आले किंवा मुलगा बायकी वागू लागला, की देवीने बोलावले असे समजत. मग तो लुगडे नेसून, गळ्यात मोत्यांची माळ घालून, डोक्यावर देवीचा जग घेऊन जोगवा मागू लागे. सोबतीला चौंडके आणि तुणतुणे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे रांडाव पुनवेला, देवी विधवा होते. त्या दिवशी जोगतिणींबरोबर जोगतेही हातातल्या बांगड्या फोडतात. माघातल्या अहेव पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते आणि हिरवा चुडा परत हातात येतो. मार्गशीर्षातली सौंदत्तीची यात्रा करून भाविक परतले, की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकामंदिरात आंबील यात्रा भरते. दहीभात, आंबील, वरणे-वांग्याची भाजी, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन सगळे शहर लोटते. त्या गर्दीत जोगत्याच्या पाया पडणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याला खोली भाड्याने देईलच असे नाही. परंपरेने जोगत्याला मान दिला, हक्क दिला नाही. देवीच्या नावाने मिळालेली जागा देवळाच्या उंबऱ्यापाशी संपत असे. ‘आपल्याकडे पूर्वीपासून यांना स्थान होते’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

सगळे जोगते तृतीयपंथी असतात असे नाही आणि सगळे तृतीयपंथी जोगते नसतात. कुणी बायको-मुलांचा संसार सांभाळून देवीची सेवा करतो, कुणी मुंबईच्या हिजडा घराण्यात चेला होऊन परततो. समलिंगी ओढ असलेल्या कित्येक पुरुषांना मात्र खेड्यात उघडपणे जगण्याची जोगतेपण हीच एक वाट होती.

देवदासी-मुक्ती आणि राहून गेलेले पुरुष : शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानात १९२० साली जोगत्या-मुरळी प्रथेला आळा घालणारा कायदा झाला. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा; त्यात देवदासीची व्याख्या स्त्रीपुरती होती. १९७५ मध्ये गडहिंग्लजला महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने, बाबा आढावांच्या प्रेरणेने देवदासींची परिषद भरली. निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात पुढे निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण, जट कापणे, देवदासींचे विवाह या प्रश्नांवर मोठे काम झाले. ही आंदोलने महत्त्वाची खरीच, पण त्यांच्या मागण्यांत पुरुष जोगता जवळजवळ नव्हता. त्याचे पुनर्वसन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर सुधारकांकडे नव्हते. लुगडे सोडून धोतर नेसायला लावणे आणि लग्न लावून देणे ही काही मुक्ती नव्हे.

ही उणीव साहित्याने आधी हेरली. गडहिंग्लज परिसरातले कादंबरीकार राजन गवस यांनी ‘चौंडकं’मध्ये जोगतिणीचे आणि ‘भंडारभोग’मध्ये पुरुष जोगत्याचे जगणे मांडले. या दोन कादंबऱ्यांवर आधारलेल्या राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ या चित्रपटातील तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथेतला तायप्पा मनाविरुद्ध जोगता केलेला पुरुष आहे आणि त्याची सुटका एका स्त्रीच्या प्रेमात आहे. लुगड्यात ज्याला मोकळे वाटते, अशा जोगत्याची गोष्ट पडद्यावर अजून यायची आहे. इथे कोल्हापूरचेच नट गणपत पाटील यांचीही आठवण होते. तमाशापटांतील नाच्याच्या भूमिकांनी त्यांना नाव दिले आणि त्याच भूमिकांमुळे संसारी असूनही आयुष्यभर कुचेष्टा सोसावी लागली. लोकांना पडद्यावरचा नाच्या हवा होता, शेजारी मात्र नको होता.

मराठी पूर्वपीठिका : जर्मनीत कार्ल हाइनरिख उलरिश्स यांनी १८६७ मध्ये कायदेपंडितांच्या सभेत समलिंगी संबंधांवरील शिक्षेविरुद्ध जाहीरपणे बोलण्याचे धाडस केले, माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ मध्ये संघटना काढली आणि १९३१ मध्ये ते व्याख्यानांसाठी भारतातही येऊन गेले. मराठीत या विषयाला तोंड फोडले ते र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ने. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले; त्याची नायिका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री होती.

संघटित कामाची सुरुवात मुंबईत झाली. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा केला. ते काम बहुतांशी इंग्रजी-हिंदीत चाले. मराठी वाचकासाठी सर्वाधिक खपले ते पुण्याचे बिंदुमाधव खिरे. अमेरिकेतली संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून ते परतले, २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ यांसारखी पुस्तके लिहिली. लैंगिकतेची शास्त्रीय माहिती, कायदा, आईबापांचे प्रश्न असे सगळे त्यांनी सरळ मराठीत मांडले. पुण्याची पहिली अभिमान पदयात्रा ११ डिसेंबर २०११ रोजी निघाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. पदयात्रेची बातमी एक दिवस होते; तालुक्याच्या गावातल्या मुलाच्या हाती पडणारे मराठी पुस्तक जास्त लांब जाते, आणि खिरे यांचे मोठेपण तिथे आहे. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन आणि मुंबईच्या गौरी सावंत यांची ‘सखी चारचौघी’ ही संस्था यांनी तृतीयपंथीयांचा प्रश्न मराठी घरांत नेला.

सांगलीचा प्रयोग : १९९२ मध्ये सांगलीत ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’ म्हणजे ‘संग्राम’ सुरू झाली. मीना सरस्वती शेषू या तिच्या प्रमुख. एड्सची साथ या भागात जोरात होती आणि सरकारी यंत्रणा वेश्यावस्तीकडे रोगाचे मूळ म्हणून पाहत होती. संग्रामने निरोधवाटपाचे काम खुद्द वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या हाती दिले. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ म्हणजे ‘व्हँप’ ही त्यांची स्वतःची संघटना झाली, आणि त्याच धाग्याने पुढे पुरुष व तृतीयपंथी व्यक्तींची ‘मुस्कान’. व्हँपच्या अनेक सदस्या मूळच्या देवदासी. जोगते त्यांच्या ओळखीचे, नात्याचे, यात्रेतल्या सोबतीचे. म्हणून इथे तृतीयपंथीयांची संघटना बाहेरून आणावी लागली नाही. २००५ च्या सुमारास वेश्याव्यवसायाला विरोध करण्याची लेखी हमी मागणारा अमेरिकी सरकारी निधी संग्रामने नाकारला. पैशांची चणचण असलेल्या जिल्हा पातळीवरच्या संस्थेने हे करावे, याची नोंद जगभरच्या कार्यकर्त्यांनी घेतली. कोल्हापुरातही ‘मैत्री’ ही तृतीयपंथीयांची संघटना उभी राहिली.

या कामाचा मोठा भाग कागदपत्रांचा असतो आणि त्याची गोष्ट सांगायला कुणाला फारसा रस नसतो. रेशनकार्डाला कुटुंबप्रमुख लागतो; जोगत्याचे कुटुंब म्हणजे गुरू आणि चेले, त्यांत रक्ताचे नाते नाही. शाळेचा दाखला मुलाच्या नावाचा, माणूस साडीत. बँकेतला कारकून फोटो पाहतो, नाव पाहतो आणि अर्ज परत करतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद झाली. घरच्यांनीच माहिती सांगायची म्हटल्यावर किती नावे ‘पुरुष’ म्हणून लागली असतील, याचा अंदाज करता येतो.

कायदा : दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वतःची चूक दुरुस्त केली. तृतीयपंथीयांसाठी त्याहून मोठा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या या खटल्यात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी हस्तक्षेप अर्ज केला होता, आणि आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. तृतीयपंथीयांविषयीच्या २०१९ च्या कायद्याने ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती दिले, तेव्हा कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला तो याच मुद्द्यावर.

महाराष्ट्रात वहिवाट पडली ती एकेका माणसाच्या हट्टाने. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळच्या सरपंचपदी २०१७ मध्ये तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे निवडून आले. जळगाव जिल्ह्यातील भादलीच्या तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीच्या स्त्रीराखीव प्रभागातला अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जिंकल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये निवडणूकही जिंकल्या. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी रकाना नाही म्हणून आर्या पुजारी यांनी दाद मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटल्यावर तो रकाना आला.

सीमेपलीकडचे चित्र मिश्र आहे. कर्नाटकाने २०११ मध्ये पोलीस कायद्यात ३६-अ कलम घालून तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पोलिसांना दिला; निपाणी-बेळगावच्या जोगत्यांवर तो टांगता राहिला आणि २०१६ मध्ये कलमाची भाषा बदलावी लागली. त्याच राज्याने २०२१ मध्ये सरकारी नोकरीत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. पद्मश्री स्वीकारताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते दृश्य २०२१ च्या नोव्हेंबरात देशाने पाहिले. कोल्हापूरकडच्या जोगत्यांच्या गाण्याला आणि चौंडक्याला अशी राजमान्यता महाराष्ट्राने दिलेली नाही.

उणिवा : या सगळ्या इतिहासात स्त्रिया कमी दिसतात. समलिंगी स्त्रियांसाठी मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ (नंतरचे ‘लेबिया’) स्थापन झाले. १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ चित्रपटावर हल्ले झाले तेव्हा हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. कोल्हापूर-सांगलीत मुलीला जोगत्यासारखी कुठलीच मान्य वाट नव्हती. जोगतीण व्हायचे तर ते पुरुषाच्या सोयीसाठी. दोन मुली घर सोडून गेल्या, की त्यांची गोष्ट पोलीस ठाण्यातल्या बेपत्ता नोंदीत जाते आणि नातलगांच्या ताब्यात दिल्यावर संपते. एड्सच्या निधीवर उभ्या राहिलेल्या संघटनांमध्ये त्यांना जागा सापडणे कठीणच होते, आणि मुलगी म्हणून जन्मलेल्या तृतीयपंथी पुरुषांचीही तीच गत.

समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्याआधी २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुने कलम ३७७ समूळ गेले. त्याबरोबर प्रौढ पुरुषावर वा तृतीयपंथीयावर होणाऱ्या बलात्काराविरुद्ध जी तरतूद वापरता येत होती, तीही गेली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील याचिका आता तिथे दाखल होतात.