रसायनशास्त्रातील पीएच.डी. : परीक्षेच्या पलीकडचा प्रवेश

नेट परीक्षा उत्तीर्ण झालो की पीएच.डी.चा प्रवेश पक्का झाला, असा एम.एस्सी.च्या अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. वास्तविक पाठ्यवृत्ती मिळणे आणि संशोधनासाठी जागा मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीसाठी परीक्षा द्यावी लागते; दुसरीसाठी संस्था आणि मार्गदर्शक शोधावे लागतात. हा फरक वेळीच न उमगल्यास चांगले गुण मिळवूनही वर्ष वाया जाऊ शकते.

पात्रता : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत मिळते. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. अभ्यासक्रमाचा किमान कालावधी ३ वर्षे, तर कमाल ६ वर्षे आहे.

परीक्षा : सीएसआयआर-यूजीसी नेटची रसायनविज्ञानाची प्रश्नपत्रिका तीन तासांची व २०० गुणांची असते. त्यांपैकी निम्मे गुण तिसऱ्या भागाला असून, त्यातील ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात. त्यामुळे कोणता प्रश्न सोडून द्यावा, हे कळणेही महत्त्वाचे ठरते. कनिष्ठ पाठ्यवृत्तीधारकास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. कामाचे मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास ही रक्कम ४२,००० रुपये होते. जानेवारी २०२३पासून हे दर लागू झाले. ‘गेट’चे गुणही अनेक संस्था ग्राह्य धरतात, ते तीन वर्षे वैध असतात.

संस्था : पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर, तसेच मुंबईतील आयआयटी, रसायन तंत्रज्ञान संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे रसायनशास्त्रात संशोधन करता येते. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. केवळ निकालाची वाट पाहत बसल्यास अर्जाची मुदत टळू शकते. म्हणून प्रत्येक संस्थेची जाहिरात व अटी आधीच पाहून ठेवाव्यात.

मार्गदर्शकाची निवड : संस्थेच्या नावापेक्षा हा निर्णय अधिक मोलाचा आहे. संबंधित प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि मगच त्यांना पत्र लिहावे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवल्यास उत्तर येण्याची शक्यता कमी असते. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशीही मोकळेपणाने बोलावे. प्रबंधाला साधारण किती वर्षे लागतात, उपकरणे वेळेवर वापरायला मिळतात का, प्रयोग फसला तर मार्गदर्शक काय म्हणतात, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगू शकत नाही.

मुलाखत : येथे पाठांतर उपयोगी पडत नाही. बहुतेक प्रश्न एम.एस्सी.च्या प्रकल्पावरून सुरू होतात. हीच अभिक्रिया का निवडली, तयार झालेला पदार्थ तोच आहे हे कशावरून ठरवले, उत्पादनाचे प्रमाण कमी का आले, अशा प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत देता यायला हवीत. एखादी गोष्ट ठाऊक नसल्यास तसे प्रांजळपणे सांगावे आणि उत्तरापर्यंत कसे पोहोचता येईल, याचा विचार मांडावा.

पीएच.डी. म्हणजे ऐन उमेदीची चार-पाच वर्षे. ती कोणत्या प्रश्नाला द्यायची, हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवणे हिताचे.