डबा, डिस्क आणि मोडीतलं खरेदीखत

मे महिन्यात वरवट बकालच्या आमच्या घरातला डबा बंद पडला. डबा म्हणजे घरातल्या नेटवर्कवर फायली साठवणारं यंत्र: आत दोन हार्ड डिस्क, मागे पंखा, पुढे तीन दिवे. बाबांच्या लोखंडी पेटीतले जुने कागद मी सवडीनं स्कॅन करून त्यात ठेवले होते. कपाशीच्या हिशेबाच्या वह्या, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत. मूळ कागदांचा पुढच्याच पावसाळ्यात वाळवीनं भुगा केला. त्यामुळे बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, "डबा मेला त मरू दे. कागदायचं काय झालं ते सांग."

शेगावला उतरून, पूर्णा ओलांडून घरी पोचलो. बटण दाबलं की निळा दिवा लुकलुकायचा, खट्ट असा आवाज यायचा आणि सगळं गप्प. पहिला संशय अॅडॉप्टरवर. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते, त्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. अशा ठिकाणी अॅडॉप्टरमधले कपॅसिटर आधी फुगतात. गंमत अशी, की मीटर लावला तर बारा व्होल्ट बरोबर दिसतात. पण मोठी डिस्क फिरायला लागताना क्षणभर दोनेक अँपिअर ओढते, आणि थकलेला अॅडॉप्टर तिथेच मान टाकतो. म्हणून दोन्ही डिस्क काढून डबा सुरू करून पाहिला. नाही झाला. दुसरा अॅडॉप्टर लावला, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला. नाहीच. बोर्डच गेला होता. डिस्क काढताना पेननं त्यांच्यावर १ आणि २ लिहून ठेवलं होतं, तेवढा एक शहाणपणा.

खरी भीती पुढे वाटली. एक डिस्क लॅपटॉपला जोडल्याबरोबर विंडोजनं विचारलं, फॉरमॅट करू का? डिस्क कोरी नव्हती, त्याला तिच्यावरची मांडणी ओळखता येत नव्हती. घाईत 'हो' म्हणून कितीतरी जणांनी जिवंत डिस्क मारल्या असतील.

ही मांडणी कुठून आली? आयबीएमनं १९५६ साली डिस्कवर साठवण करणारं पहिलं यंत्र विकायला काढलं. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरं. पुढची तीस वर्षं मोठ्या डिस्क महागच राहिल्या. मग बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली निबंध मांडला: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा, आणि एखादी मेली तरी चालेल अशी सोय ठेवा. यालाच 'रेड' म्हणतात. नावातलं 'स्वस्त' पुढे धंदेवाल्यांनी बदलून 'स्वतंत्र' केलं. महाग माल 'स्वस्त' या नावानं कसा विकणार? आमच्या डब्यात त्यातला सगळ्यात साधा प्रकार होता, दोन्ही डिस्कवर तेच लिहिणं. ही काही दुसरी प्रत नव्हे. विजेचा लोळ आला असता तर दोन्ही एकदमच गेल्या असत्या. मला हे ठाऊक होतं, तरी वेगळी प्रत ठेवली नव्हती.

आम्हाला तारलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. अशा अनेक घरगुती डब्यांच्या आत लिनक्स असतं, आणि डिस्क कशा जोडायच्या याची नोंद लिनक्स डिस्कवरच करून ठेवतं. जोडणारा प्रोग्रॅमही खुला आहे. म्हणजे लिहिणारं यंत्र मेलं, तरी वाचायची रीत त्याच्याबरोबर जात नाही.

मोडीचं नेमकं उलट झालं. शतकानुशतकं मराठी दप्तरं मोडीत लिहिली गेली. छापखाना आला, शाळेत बाळबोध आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली. कागद राहिले, पण त्यांची किल्ली माणसांच्या डोळ्यांत होती आणि माणसं गेली. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं मिळवली, वाचली आणि १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड बाळबोधीत छापले, ते त्या काळी असे डोळे होते म्हणून. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. अक्षरांना क्रमांक मिळाले. पण एका दमात, हात न उचलता लिहिलेला कारकुनाचा फराटा क्रमांकांनी उलगडत नाही.

चुलतभावाकडच्या जुन्या संगणकावर पेनड्राइव्हमधून लिनक्स सुरू केलं. १ नंबरची डिस्क जोडली, काही लिहिलं जाणार नाही अशी, फक्त वाचण्यापुरती उघडली. मिनिटभरानं फोल्डर दिसले. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. सगळ्यात आधी बाहेरच्या एका डिस्कवर प्रत काढली, मग खरेदीखत उघडलं. तांबूस कागद, वर मुद्रांक, खाली मोडीच्या वीसेक ओळी. घरात कुणालाच एकही ओळ लागली नाही. बाबांनी चष्मा सारखा केला, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. सहीच्या जागी नांगराची निशाणी होती.

"हे आपलं," बाबा म्हणाले.